साहेब, आमचं वादळ तुमच्या भाषणात होतं, नोंदीत का नाही?

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार, विनंती विशेष.

पत्रावर आपल्या खात्याचं नाव घातलेलं नाही. विसरलो नाही, पण वादळ नेमकं कोणत्या खात्याचं हे तेरा महिने हेलपाटे घालूनही मला कळलेलं नाही. शेतीवाले महसूलकडे बोट दाखवतात, महसूलवाले विमा कंपनीकडे, कंपनी हवामान केंद्राच्या आकड्याकडे. तेव्हा हे पत्र ज्या मंत्र्यांना आपलं वाटेल त्यांनी आपलं समजावं.

मी जळगाव जिल्ह्यातला, तापीकाठचा केळी उत्पादक. तीन एकर बाग, साडेचार हजार खोडं. गेल्या वर्षी, म्हणजे 2024 च्या मे महिन्यात, वीस मिनिटांच्या वादळात ती आडवी झाली. तिसऱ्या दिवशी आपण स्वतः बांधावर आला होतात. आपल्याला आठवणार नाही, दिवसभरात बारा गावं होती. मी पडलेल्या घडाची एक फणी तोडून आपल्या हातात दिली. आपण ती कॅमेऱ्यासमोर धरलीत आणि म्हणालात, "काका, हा क्लायमेट चेंज आहे. निसर्गापुढे कुणाचं चालतं? पण सरकार पाठीशी आहे. आठ दिवसांत पंचनामे, महिन्यात पैसे." फणी गाडीत गेली, गाडी पुढच्या गावाला गेली. ती फणी केव्हाच पिकली असेल साहेब, पैसे अजून कच्चेच आहेत. शिवाय केळीचा चीक कपड्याला लागला तर काळा डाग जात नाही. आपल्या झब्ब्याचं काय झालं, हे विचारायचं राहिलंच.

मदतीच्या यादीत माझं नाव आलं, पण गट क्रमांक चुकीचा. तो दुरुस्त करायला अर्ज दिला. अर्जावर शेरा पडला, शेऱ्यावर पुन्हा अर्ज.

यंदा, 2025 च्या रोहिणीत, पुन्हा तेच. दुपारी चारला पश्चिमेला काळं धरलं. हवा गच्च थांबली, पान हलेना. माय ओट्यावरून म्हणाली, "गुरं सोड रे." मी गोठ्याकडे निघालो तोच एकदम गार वारा अंगावर आला, सुपारीएवढ्या गारा, आणि समोरची बाग दिसेनाशी झाली. केळ मोडताना लाकडासारखी कडकडत नाही. ओला कपडा दगडावर आपटल्यासारखा फच्च आवाज येतो, आणि मग खोडातून पाणी गळत राहतं. वारा थांबल्यावर कितीतरी वेळ बागेत नुसतं ते गळणंच ऐकू येत होतं. घड भरत आले होते, कटाईला तीन आठवडे होते. पोरीची पुण्याची फी त्याच घडांवर लटकली होती.

त्या वादळानंतर चौथ्या दिवशी मोबाईलवर मेसेज आला. यंदाचा नव्हे, गेल्या वर्षीच्या विम्याचा निकाल. नोंदलेला वाऱ्याचा कमाल वेग ताशी 33.8 किलोमीटर. माझ्या कागदावरची अट ताशी 40. दावा निकषात बसत नाही. म्हणजे आपण ज्याला जगाचं संकट म्हणालात, ते आमच्या महसूल मंडळात, म्हणजे आमच्या गावांच्या गटात, घडलंच नाही. मग साडेचार हजार खोडं काय दुपारी झोप आली म्हणून आडवी झाली?

मी आकडा देणारं ते यंत्र बघायला गेलो. राज्यात महावेध या हवामान प्रकल्पाची अशी स्वयंचलित केंद्रं 2,065 महसूल मंडळांत बसवली, हे सरकारचंच काम आणि चांगलं काम. पण आमच्या मंडळाचं केंद्र माझ्या शेतापासून अकरा किलोमीटरवर आहे. तारेचं कुंपण, आत खांब, खांबावर तीन वाट्यांचं फिरतं चक्र. पश्चिमेला, म्हणजे जिकडून आमची वादळं येतात नेमकं त्याच बाजूला, दुमजली गोदाम. मी उभा होतो तेव्हा माझा रुमाल उडत होता आणि वाट्या आळोखेपिळोखे देत होत्या. तिथे कुणी अधिकारी नव्हता, एक शेळी होती.

आता आपल्या लाडक्या क्लायमेट चेंजकडे येतो. पोरगी पुण्यात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. तिला फोनवर विचारलं, "खरं सांग, हे हवामान बदलाने झालं का?" मला हो ऐकायचं होतं, कारण हो म्हटलं की दोष माझा राहत नाही. ती म्हणाली, "बाबा, उष्णतेच्या लाटेबद्दल विचारलं तर छातीठोक हो. अतिमुसळधार पावसाबद्दल विचारलं तरी हो. उन्हाळी वादळाबद्दल विचारलं तर जरा थांबावं लागेल."

तिने जे समजावलं ते आपल्या भाषण लिहून देणाऱ्यांसाठी देतो. हवा एक अंशाने तापली की तिची वाफ धरून ठेवायची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. 1901 ते 2018 या काळात भारताचं सरासरी तापमान साधारण 0.7 अंशाने वाढलं, हे केंद्र सरकारच्याच 2020 च्या अहवालात आहे. म्हणजे वादळाला लागणारी वाफ आणि ऊब वाढली, यात वाद नाही. पण विहिरीला पाणी वाढलं म्हणून मोट आपोआप भरून येत नाही, बैल लागतात, नाडा लागतो. वादळाला वर थंड हवा लागते, खालच्या आणि वरच्या वाऱ्यात दिशेचा आणि वेगाचा फरक लागतो. हे बैल तापमानाबरोबर वाढतात की रोडावतात, ते जागेजागेवर वेगळं आहे. गारांचंही तसंच. तापलेल्या हवेत बारीक गार वाटेतच विरघळते, पण जी टिकते ती मोठी होऊन येण्याची शक्यता वाढते. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची शास्त्रीय समिती, तिच्या 2021 च्या अहवालात उष्णतेबद्दल आणि मोठ्या पावसाबद्दल ठाम भाषा आहे. गारपीट आणि वादळी झोतांचा कल मात्र त्यांनी कमी खात्रीच्या खान्यात ठेवला आहे. कारण काय, तर जुन्या नोंदी तोकड्या. वादळ चार-पाच किलोमीटरचं, अर्ध्या तासाचं. मोजायला तिथे कुणी नसतं.

वाचताय ना साहेब? मोजायला तिथे कुणी नसतं. जगातले शास्त्रज्ञ ज्या गोष्टीसाठी अडले आहेत, त्याच गोष्टीसाठी माझा विमा अडला आहे.

हवामान बदलाचा वाटा काढण्याची त्यांची एक रीत आहे. आजच्या तापलेल्या जगात अशी घटना किती वेळा घडते आणि न तापलेल्या जगात किती वेळा घडली असती, याची तुलना करायची. ते वर्षानुवर्षांच्या नोंदींशिवाय होत नाही. वायनाडला जुलै 2024 मध्ये दरड कोसळली, तेव्हा आठ-पंधरा दिवसांत त्यांनी सांगितलं की त्या पावसाचा जोर तापमानवाढीने सुमारे दहा टक्क्यांनी वाढला होता. पावसाचं सांगता आलं, कारण पाऊस मोजलेला होता. आमच्या वाऱ्याचं कोण सांगणार, ती शेळी?

पोरीने यंदा पडलेल्या बागेचे फोटो मागवले. म्हणाली झाडं कुठल्या दिशेला पडलीत बघा. मी बांधावरच्या टाकीवर चढून पाहिलं. एका जागेपासून झाडं पंख्यासारखी बाहेर पसरून पडली होती, इकडची पूर्वेला, तिकडची दक्षिणेकडे. ती म्हणाली ढगातून गार हवेचा लोंढा थेट खाली आपटतो आणि जमिनीवर चहूकडे फाकतो, त्याची ही खूण. असा लोंढा तुमच्या शेतात शंभराच्या वेगाने असू शकतो आणि अकरा किलोमीटरवर नुसती झुळूक. फोटो मी तक्रारीला जोडले. उत्तर आलं, "छायाचित्र हा वाऱ्याच्या वेगाचा पुरावा होत नाही." मग पंचनामा कशाला करता? त्यातही फोटोच असतात.

माझी बाजू सगळी स्वच्छ आहे असंही नाही. वडिलांच्या आणि माझ्या वह्या काढून बसलो. त्यांच्या तीस वर्षांत बाग पूर्ण आडवी झाली तीनदा. माझ्या चौदा वर्षांत सहा वेळा. बघा, हवामान बदल सिद्ध झाला, असं लिहिणारच होतो. पण वडील बसराई ही केळीची जुनी जात लावायचे. ती बुटकी, घड हलका. मी लावतो टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची, जी-नाइन जात, उंच आणि पंचवीस किलोचा घड. वडिलांनी बांधाला शेवरी आणि गजराज गवत दाट ठेवलं होतं, वारा अडायचा. मी दोन ओळी जास्त बसाव्यात म्हणून ते काढलं. म्हणजे वारा तेवढाच असता तरी माझी बाग जास्त पडली असती. हे मी कबूल करतो. मेळाव्यामेळाव्यात "जी-नाइन लावा, निर्यात करा" सांगताना वारारोधकाबद्दल चकार शब्द न काढणाऱ्यांनीही काही कबूल करावं, एवढंच.

आता मदतीचा हिशेब. जानेवारी 2024 च्या शासन निर्णयाने फळबागेला हेक्टरी 36,000 रुपये आणि मर्यादा 3 हेक्टर केली होती. निवडणुका झाल्या. 2025 चा मे सरता सरता नवा निर्णय आला: 22,500 रुपये, मर्यादा 2 हेक्टर. माझे तीन एकर म्हणजे 1.21 हेक्टर. सव्वासत्तावीस हजार रुपये. साडेचार हजार खोडांनी भागा. एका झाडाला सहा रुपये. टिश्यूचं रोप मी सोळा रुपयांना आणलं होतं, पडलेलं खोड उचलून शेताबाहेर टाकायलाच मजूर सहापेक्षा जास्त घेतो. म्हणजे सरकारी मदतीत मी माझं झाड नुसतं उचलूही शकत नाही. आणि हे सहा रुपये तरी कधी, तर गट क्रमांक दुरुस्त झाल्यावर. माझ्या साध्या प्रश्नाला उत्तर द्या: हवामान बदलाने संकट वाढतंय असं तुम्हीच म्हणता, मग मदत कमी का झाली? संकट वाढतं तसा दर उतरतो, असा बाजार मी बऱ्हाणपूरच्या केळी व्यापाऱ्यांकडेच पाहिला होता.

शिवाय विम्यासाठी नुकसान 72 तासांत कळवायचं. वादळात विजेचे खांब पडले, टॉवर बंद. अ‍ॅप उघडायला मी मोटारसायकलने महामार्गापर्यंत गेलो. तिथे रस्त्याकडेला मोबाईल उंच धरून उभे असलेले आमच्याच पंचक्रोशीतले तीस-चाळीस शेतकरी. लांबून कुणाला वाटलं असतं आरती चालू आहे.

तुम्हाला वाटेल हा केळीवाला केळीचंच रडगाणं गातोय. तर मुंबईचं घ्या. 13 मे 2024, घाटकोपर. वादळात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, 17 माणसं गेली. त्या दिवशीही वारा, धूळ, बदलतं हवामान हे सगळं ऐकलं. होर्डिंग होतं 120 फूट बाय 120 फूट, पालिकेची मर्यादा 40 बाय 40. वाऱ्याने येऊन ते वाढवून दिलं नव्हतं. कुणीतरी बसून, चहा पिऊन वाढवू दिलं. हवामान बदल हा तुमच्या खात्यांना सापडलेला नवा आरोपी आहे. तो कोर्टात येत नाही, जामीन मागत नाही, आणि त्याला निवडणूकही लढवायची नसते.

उद्या कुणी माझ्या पत्राचा उलटा अर्थ काढील, म्हणून सांगतो. हवामान बदल थोतांड आहे असं मी म्हणत नाही. मे 2025 मध्ये मोसमी पाऊस 26 तारखेलाच मुंबईत पोचला, कुलाब्याच्या मे महिन्याच्या पावसाने 1918 चा विक्रम मोडला, निसर्ग आणि तौक्ते ही चक्रीवादळं कोकणाने पाहिली. मध्य भारतात अतिमुसळधार पावसाच्या मोठ्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्याचं पुण्याच्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्येच मांडलं. आणि धूर काढणाऱ्यांत आम्हीही आहोत. दीपनगरच्या वीज केंद्राची कोळशावरची वीज माझ्या पाण्याच्या मोटारीलाही लागते. पण ज्याला हवामान बदल खरा वाटतो तो आधी मोजमाप वाढवतो, निकष बदलतो, पैसे बाजूला काढतो. तुम्ही फक्त वाक्य पाठ केलंत. तेही इंग्रजीत.

मागण्या लिहायच्या राहिल्याच. प्रत्येक गावात वारा मोजणारं यंत्र, उघड्या रानात, आणि त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. ते होईपर्यंत विम्यात झाडं पडलेली दिसली तर वारा आला असं मानावं. माझा गट क्रमांक दुरुस्त करावा. चौथी मागणी होती, पण माय म्हणते तेवढं पुरे, त्यांनाही कामं असतात.

यंदाचा पंचनामा अजून झालेला नाही. तलाठी आप्पांकडे सहा गावं आहेत, त्यांचाही दोष नाही. पण पडलेली खोडं सडायला लागली आहेत, शेतात माशा झाल्यात, आणि मृगबाग लावायची वेळ निघून चालली आहे. गुरुवारी सकाळी नऊला ट्रॅक्टर सांगितला आहे. कुणाला पाठवायचं असेल तर त्याआधी पाठवा. गावात शिरल्यावर पाण्याच्या टाकीपासून डावीकडे. बांधावरच्या टाकीवर चढलं की पडलेल्या झाडांचा पंखा अजून दिसतो.

आपला,
तापीकाठचा एक केळी उत्पादक