जुन्या आउटबोर्डच्या रंगावर जाऊ नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुनं आउटबोर्ड इंजिन, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, घेताना लोक दोरी ओढून आवाज ऐकतात आणि पैसे मोजतात. मीही तेच केलं. पहिल्याच झटक्याला सुरू झालं, रंग चकचकीत. दोन महिन्यांत ते तापून बंद पडू लागलं. उघडलं तर थर्मोस्टॅटभोवती, म्हणजे इंजिन थंड करणाऱ्या पाण्याचा प्रवाह सांभाळणाऱ्या झडपेभोवती, मिठाचा नुसता दगड झालेला.

तेव्हापासून मी रंगाला आलेल्या फोडांवर नख फिरवतो. फोड फुटून पांढरी भुकटी निघाली, की आतलं ॲल्युमिनियम खाल्लं जातंय. स्टेनलेस स्टीलच्या बोल्टभोवती ती हमखास सापडते. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी म्हणजे छोटी बॅटरीच, आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याच्याऐवजी झिजावा म्हणून तर जस्ताचा तुकडा, म्हणजे ॲनोड, लावलेला असतो. निम्मा संपला की तो बदलायचा. माझ्या इंजिनाचा ॲनोड अगदी कोरा दिसला, म्हणून मी खूश! नीट पाहिलं तर आधीच्या मालकाने त्यावरही रंग फासलेला. रंगवलेला ॲनोड असून नसल्यासारखा. तो झिजत नाही, झिजतं इंजिन.

गिअरचं तेलही खालचा स्क्रू सैल करून थोडं काढून बघावं. दुधट आलं तर सीलमधून पाणी शिरलंय. विकणारा कुरकुरतो, कुरकुरू द्यावं. इंजिन चालू असताना मागून पडणारी, इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार बारीक वाटली, तर लगेच घाबरू नये. आधी धारेच्या भोकात तार घालून पाहावी, कधीकधी नुसता कचराच अडकलेला असतो.

आपला,
एक नियमित वाचक