साहेबांची ओळ की मागची गल्ली?

शिकागो, रविवार

प्रिय बाळ्या,

तब्येत ठीक, साखर थोडी वर, सोड. गोष्टच अशी झालीय की तुझ्याशिवाय कुणाला कळायची नाही. आम्ही घर घेतोय, तेही पुलमनमध्ये.

रेल्वेचे झोपायचे डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमननं 1880 पासून इथे कारखाना आणि त्याला लागून कामगारांची अख्खी वस्ती उभी केली. लाल विटांची घरं, विटा कॅल्युमेट तळ्याच्या मातीच्या. गॅस, नळ, बागा, सगळं. पण घर विकत नाही, भाड्यानंच. चर्चचंसुद्धा भाडं! दारू फक्त हॉटेल फ्लॉरेन्समध्ये, आणि त्याची पायरी चढायची कामगाराची टाप नाही. (तू दोन दिवस टिकला नसतास.) 1893च्या मंदीत पगार कापले, भाडं तेवढंच ठेवलं. भाडं वजा जाऊन एकाच्या हाती 2 सेंटचा चेक आला. पठ्ठ्यानं तो वटवला नाही, फ्रेम करून ठेवला. मला तुझे अण्णाच दिसले. 1894ला संप, मग लष्कर, आणि संप मोडला.

आता गोची ऐक. हिला आवडलंय ते 111व्या रस्त्यावरचं, साहेबलोकांसाठी बांधलेलं, ऐसपैस. मला मागच्या गल्लीतलं कामगाराचं हवंय: दार उघडलं की अंगावर येणारा अरुंद जिना, खिडकीच्या चौकटीवर रंगाचे पापुद्रे. ही म्हणते, "कपाट कुठे, तुझ्या तत्त्वांवर ठेवू?"

आपल्याकडच्या 1982च्या गिरणी संपात अण्णा शेवटपर्यंत बाहेर राहिले, बाबा पुन्हा साच्यावर गेले. त्यावरून आपण गणपतीच्या मांडवात एकमेकांची गचांडी धरली होती. (शर्टाचं बटण अजून देणं आहेस.) बाबांचं पोट मला कळतं, तुला कधी कळलं नाही. तरी साहेबाच्या घरात झोपायचं म्हटलं की तुझं ते खवचट हसू ऐकू येतं. 1898ला कोर्टानं कंपनीला घरं विकायला लावली, 1960ला सगळी वस्ती पाडायचा घाट रहिवाशांनी हाणून पाडला. आता कसला साहेब नि कसला कामगार, हे हिचं म्हणणं. पटतं, पण रात्री नाही पटत.

वहिनींचा गुडघा? मन्याला नोकरी लागली म्हणे, पेढे बाकी. चाळीच्या रीडेव्हलपमेंटचं काय झालं तेही लिही.

आणि 111 की मागची गल्ली? शिव्या देऊन सांग, पण महिनाअखेरीआधी. ब्रोकर थांबायचा नाही.

तुझा,
पक्या