दहा दिवसांसाठी निघालेल्या लेकीस

वास्को, 9 डिसेंबर

चि. बाय हिस,

प्रभूच्या नावाने सलाम आणि अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू एका दमात सगळं सांगितलंस. तुमच्या बेळगावच्या कॉलेजातली फिजिओथेरपी शिकणारी नऊ मुलं-मुली, दोन सर, दहा दिवस, गुजरातच्या सीमेवरच्या नवापूरच्या बाजूचं मिशन हॉस्पिटल, सकाळी प्रार्थना, मग ओपीडी, दुपारनंतर पाड्यांवर. आणि शेवटी, दहा दिवसांत आपण काय करू शकणार, हा प्रश्न. मी नुसतं "हो, बरं" करत राहिलो. फोन ठेवल्यावर तुझी आई म्हणाली, पोरगी एवढ्या उत्साहाने विचारत होती आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत. फोनवर मला सुचत नाही ग. म्हणून आज पाववाल्याचा भोंगा वाजून गेला तेव्हापासून लिहायला बसलोय.

तू जा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुला वाटायला नको की पप्पा आडवळणाने नको म्हणताहेत. नाताळच्या उपासनेला तू शेजारी नसशील हे आईला लागलंय, मलाही लागलंय. शेजारच्या आंटीने नेवऱ्या करायला घेतल्या, तर तिनेही पहिला प्रश्न तुझाच विचारला. तरी जा.

मला सांगायचंय ते तुझ्या आजीबद्दल. तुला यातलं अर्धंच माहीत आहे.

2009 च्या पावसाळ्यात तिला लकवा झाला तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. त्या दिवसांतली तुला तिची हिरवी मच्छरदाणी आठवत असेल, तेवढंच. उजवी बाजू गेली, त्याबरोबर बोलणंही गेलं. बाय, ती मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात शिकलेली नर्स. डॉ. वानलेसांनी 1894 साली सुरू केलेलं ते हॉस्पिटल, आणि एके काळी गोव्यातली माणसंसुद्धा दूधसागरावरून, लोंढ्यावरून छोट्या लाईनच्या गाडीने मिरजेला ऑपरेशनसाठी जायची. आजोबांना गोवा मुक्तीनंतर मुरगाव बंदरात नोकरी लागली म्हणून ती इकडे आली. त्याआधी काही वर्षं तिने मिरजेला कुष्ठरोग्यांची सेवा केली. हातपाय पाण्यात भिजवायचे, तेल लावायचं, वाकडी होत चाललेली बोटं एकेक करून सरळ करायची आणि मग ते त्या माणसाला स्वतः करायला लावायचं. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँडबद्दल ती अशी बोलायची की जणू घरातलाच माणूस. त्यांनी चांगल्या स्नायूचा कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी बांधणारा दोर, काढून लुळ्या बोटांना जोडण्याच्या शस्त्रक्रिया केल्या, हे तुला पुस्तकात असेल. आजी पुढचं सांगायची: शस्त्रक्रिया होते काही तासांत, पण त्या स्नायूला नवं काम शिकवायला आठवडे लागतात, आणि ते शिकवणारा माणूस नसेल तर हात पुन्हा तसाच.

अशी ही बाई. आयुष्यभर दुसऱ्यांना उचललं तिने. तिला अकराव्या दिवशी हॉस्पिटलातून घरी सोडलं तेव्हा माझ्या हातात औषधांची चिठ्ठी आणि एक इंग्रजी छापील कागद दिला. कागदावर माणसांची रेघांची चित्रं. "हे व्यायाम घरी करून घ्या," एवढंच सांगितलं. कोणी एकदाही करून दाखवलं नाही.

मी तिला उठवायचो तेव्हा लकवा झालेल्या हातालाच धरून वर ओढायचो. कधी काखेत हात घालून. ती डोळे घट्ट मिटायची, डोळ्यांतून पाणी यायचं. मला वाटायचं, परस्वाधीन झाल्याचं दुःख आहे. दोन-अडीच महिने मी माझ्या आईचा खांदा माझ्याच हातांनी निखळवत होतो, बाय. आणि ती नर्स होती. मी नेमकं काय चुकतोय हे त्या घरात फक्त तिला कळत होतं, आणि तिला बोलता येत नव्हतं. यावर मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. तुझ्या आईशीसुद्धा नीट नाही.

त्या ऑक्टोबरात आपल्या चर्चच्या मंडळीत दक्षिणेतल्या एका कॉलेजच्या फिजिओच्या विद्यार्थ्यांचा गट आला होता. तू आता ज्याला मिशन ट्रिप म्हणतेस तेच. चार दिवस होते. पाळकसाहेबांनी त्यांना आजाऱ्यांच्या घरी पाठवलं, आपल्याकडे दोघं आले.

त्यातल्या मुलीला मराठी येत नव्हतं, कोकणी नाही, हिंदीही तोडकंमोडकं. ती आजीच्या खाटेजवळ बसली, पण आजीला हात लावायच्या आधी तिने मला विचारलं, "तुम्ही कसं उठवता, दाखवा." मी दाखवलं. ती काही बोलली नाही. मग तिने मलाच दुसऱ्या खाटेवर झोपवलं, उजवा हात सैल सोडायला सांगितला आणि अगदी थोडा, मी ओढायचो त्याच्या चौथाई जोराने, ओढला. मला कळलं.

मग तिने शिकवलं. आधी गुडघे दुमडायचे, मग कुशीवर वळवायचं, पाय खाटेखाली सोडायचे, आणि चांगल्या हाताचा रेटा देऊन तिचं तिलाच उठू द्यायचं. लुळा हात उशीवर टेकवून ठेवायचा, लोंबकळू द्यायचा नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. आणि धरायचं हाताला नाही, कमरेला. त्यासाठी तिने तुझ्या आईकडून एक जुनं लुगडं मागून घेतलं, त्याचा काठ फाडला, घडी घातली आणि पट्टा कसा बांधायचा ते दाखवलं. एकदा तिने केलं. नंतर आम्हाला चार वेळा करायला लावलं, मला आणि तुझ्या आईला आळीपाळीने, आणि ती स्वतः हात पाठीमागे बांधून उभी राहिली. आम्ही चुकलो तरी तिने ते हात पुढे आणले नाहीत, नुसतं सांगत राहिली.

एक दुपार. ती मुलगी पुन्हा कधी दिसली नाही, तिचं नावही मी विचारलं नाही. त्यानंतर आजी सहा वर्षं जगली, रोज सकाळी खुर्चीवर बसली, खिडकीतून बंदर बघितलं.

त्याच गटाने आपल्याला एक व्हीलचेअरही दिली होती. मंडळीच्या हॉलमध्ये रांगेने वाटप झालं, फोटो निघाले. देणाऱ्या मुलाचं मन चांगलं होतं, त्यात शंका नाही. पण दाराचं माप कोणी घेतलं नव्हतं. आपल्या न्हाणीच्या दारातून ती जाईना, खोलीतून वळेना. दर्यावरच्या वाऱ्याने गॅलरीत गंजत राहिली, तू तिच्यावर शाळेचा गणवेश वाळत घालायचीस. तीच ती.

तू निघाली आहेस तर ही दोन्ही चित्रं डोळ्यांसमोर ठेव.

तुझा गट नाताळच्या सुट्टीत जातोय. तिकडच्या भिल्ल, मावची, गावित घरांतली धडधाकट माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे जातात, अनेक जण उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. म्हणजे पाड्यावर तुला भेटतील म्हाताऱ्या, म्हातारे आणि मागे ठेवलेली पोरं. तू शिकवणार कुणाला? घरात दिवसभर कोण असतं, हे आधी विचार. बारा वर्षांची बहीण असेल तर तिला शिकव, म्हातारीला शिकव. कर्ता माणूस भेटेपर्यंत थांबलीस तर दहा दिवस संपतील.

वाकड्या पावलांच्या बाळांबद्दल तू मागे सांगितलं होतंस, ते माझ्या डोक्यात बसलंय. दर आठवड्याला नवं प्लास्टर, असे पाच-सहा आठवडे, मग टाचेमागचा आखडलेला कंडरा कापून सैल करायचा, मग पट्टीला जोडलेले बूट, पहिले तीन महिने जवळजवळ दिवसरात्र आणि पुढे झोपेत, चार वर्षांपर्यंत. दहा दिवसांत तू यातलं एखादं प्लास्टर घालशील, तेही सरांच्या हाताखाली. पाऊल सरळ झालेलं बघून आईबाप बूट सोडून देतात आणि पाऊल पुन्हा वळतं, हे तूच म्हणालीस. मग त्या आईला बुटाबद्दल सांगायला अर्धा दिवस गेला तरी जाऊ दे. ती ऊसतोडीच्या फडावर जाणार असेल तर तिथे रात्री बूट कसा बांधायचा, त्यात उंदीर-मुंग्या जाऊ नयेत म्हणून कुठे टांगायचा, इथपर्यंत बोल. आणि पुढची तारीख त्या हॉस्पिटलच्या कायमच्या सिस्टरांच्या वहीत लिहून ठेव. तुझ्या वहीत ती तारीख असून उपयोग नाही, तुझी वही बेळगावला येईल.

त्या सिस्टरांचं ऐक. तुम्ही गेल्यावर त्याच तिथे राहणार आहेत. त्या भागात सिकलसेल, म्हणजे तो रक्ताचा आनुवंशिक आजार, पुष्कळ आहे. तरुण पोरगा खुबा दुखतो म्हणून आला तर लगेच पाय ताणायला घेऊ नको, आधी त्यांना विचार. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठाच बंद पडलेला असू शकतो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. थंडीनेही सिकलसेलवाल्यांची दुखणी उसळतात, आणि डिसेंबरात तिकडची रात्र वास्कोसारखी नसते. रुग्णाला सकाळच्या गारठ्यात उघड्यावर बसवून ठेवू नको.

तुझं मराठी तिथे सगळ्यांना कळेल असंही धरून चालू नको. त्यांची बोली वेगळी आहे. पहिल्याच दिवशी दुखतंय, पुरे, हळू, पुन्हा, एवढे शब्द त्यांच्या बोलीत शिकून घे. "पुरे" सगळ्यात आधी. ज्याला पुरे म्हणता येत नाही त्याचे हाल मी घरात पाहिलेत.

आता प्रार्थनेचं. आपण तीन पिढ्या प्रभूच्या घरातले, तेव्हा हे मी तुला सांगितलंच पाहिजे. खाटेवर पडलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. ज्याचा पाय तुझ्या हातात आहे तो तुझ्या प्रत्येक गोष्टीला मान डोलावणार. म्हणून उपचार चालू असताना त्याच्यासमोर धर्माचं बोलणं काढू नको. त्याने आपणहून म्हटलं की माझ्यासाठी प्रार्थना करा, तर कर, मनापासून कर, थोडक्यात कर. नाही म्हटलं तर रात्री खोलीत त्याचं नाव घेऊन कर, तिथे तुला कोण अडवणार? आजीने मिरजेला हजारो जखमा बांधल्या, आणि ती म्हणायची की माझी उपासना पट्टीच्या गाठीत आहे. गटात कुणाला हे पटणार नाही, तुला बोल लावतील. लावू देत.

फोटोचंही तेच. विचारल्याशिवाय नको, आणि उघड्या अंगाचा, रडत्या पोराचा तर विचारूनही नको. तुझ्या आजीचा हॉलमधला फोटो कुठेतरी कुणाच्या तरी अहवालात छापलेला असेल. तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते.

रविवारच्या शाळेत तुला आवडणारी ती गोष्ट, चौघांनी घराचं छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला येशूसमोर खाली सोडलं ती. तू विचारायचीस, त्या चौघांचं पुढे काय झालं? मला तेव्हा उत्तर आलं नव्हतं. आता वाटतं, खाट उचलायची कशी, जिन्यावरून न्यायची कशी, हे त्या चौघांना येत होतं म्हणून तो माणूस तिथवर पोचला. तुझ्या प्रत्येक रुग्णाच्या मागे असे चौघं शोध. चौघं नसतील, एखादंच असेल. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केलं ते गावातल्या अशाच बायकांना हाताशी धरून. कित्येकींना अक्षरओळख नव्हती. त्यांनी बाळंतपणं केली, पोरं वाचवली. तेव्हा समोरची बाई शिकलेली नाही म्हणून तिला कळणार नाही असं मनात आणू नको.

तू म्हणालीस की दहा दिवसांत आपण काय करू शकणार, या विचाराने झोप लागत नाही. बाय, आपल्या घरी एक दुपार पुरली होती. पण ती दुपार तिने आम्हाला दिली म्हणून. तिने चार दिवस रोज येऊन आजीचे व्यायाम स्वतः करून घेतले असते तर आम्ही तिला फार दुवा दिली असती, आणि पाचव्या दिवशी मी पुन्हा आईचा हात धरून ओढला असता.

गाडीत खालचा बर्थ सोडू नको. गोवा एक्सप्रेस भुसावळला किती वाजता पोचते हे सरांना विचार, तिथे सुरतेच्या लाईनला गाडी बदलायची आहे. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, वेळ मिळाला तर बघून घे. आईने स्वेटर, कानटोपी, डिंकाचे लाडू आणि आंटीच्या नेवऱ्या बांधल्या आहेत. शुक्रवारी मंडळीतलं कुणीतरी बेळगावला येतंय, त्यांच्याकडे पार्सल देतो.

पार्सलमध्ये तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला आजीचा पट्टा आहे. आईने कपाटात जपून ठेवला होता, मला काल माहीत झालं. हिरव्या लुगड्याचा काठ, चार पदरी घडी, दोन्ही कडांना दुहेरी शिवण, आणि मागच्या बाजूला धरायला दोन फासे. तो कुणाला देऊन टाकू नको. माप घे आणि तिथल्या घरात जे जुनं लुगडं असेल त्याचा त्यांच्याकडूनच शिवून घे. दाभण आणि जाड दोरा आईने सोबत टाकलाय.

तुझा,
पप्पा