बार भिजला नव्हता

माइल्स सिटी, मोंटाना
रविवार, २६ जानेवारी

प्रिय बाबल्या,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर फोन नाही, मेसेज नाही, आणि आता हे एवढं लांबलचक पत्र बघून तू वहिनींना म्हणशील, 'हेका पैसे होये आसतले.' नकोत. आमच्याकडे सगळं ठीक. माझी साखर गोळ्यांवर आहे, हिची पाठ अधूनमधून धरते, चिरंजीव हॉस्टेलवर. झाली तब्येत.

गेल्या रविवारी माझ्या हातून एक कोयोटी जखमी होऊन निसटला. कोयोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा थोराड चुलतभाऊ, तुला फोटो पाठवला होता तोच. इथे कुणाला सांगावं तर खांदे उडवतात. या राज्यात त्याला ना हंगाम, ना परवाना, बारमाही मोकळीक. त्यामुळे 'एक गेला, दुसरा येईल' एवढंच उत्तर मिळतं. हिला सांगितलं तर म्हणाली, मग जाऊच नका. तुला सांगतोय, कारण तेव्हा तू तिथे होतास. कधी आणि कुठे, ते तुला कळलंच असेल.

झालं असं. आमच्या खोताची (तू ठेवलेलं नाव मी आता त्याच्या तोंडावर वापरतो, त्याला वाटतं ही इंडियातली पदवी आहे) मेंढरं मार्चात विणार. मागच्या साली बरीच कोकरं गेली, म्हणून यंदा त्याने मला आधीच सांगून ठेवलं होतं. सकाळी उणे २६. ज्या हवेत नाकातले केस कडक होतात ती हवा. आम्ही ओढ्याच्या काठाला सेजच्या झुडपात बसलो आणि जखमी सशाच्या केकाटण्याचा भोंगा लावला. दहाव्या मिनिटाला तो आला. थेट नाही आला, वाऱ्याच्या खालच्या अंगाने लांबून वळसा घालत आला आणि २२० यार्डांवर बसला. बसला रे, कुत्रं उंबऱ्यावर बसतं तसा. मी छातीवर नेम धरला आणि गोळी पुढच्या पायाला लागली. तीन पायांवर पळाला. बर्फात रक्ताचे थेंब, तांबडे नाहीत, गुलाबी. दोन तास मागावर होतो. शेवटी पावलं तारेच्या कुंपणाखालून पलीकडच्या रानात गेली. त्या मालकाची परवानगी नाही, त्यामुळे आम्ही तारेशीच थांबलो. रात्री नवा बर्फ पडला आणि माग संपला.

घरी आलो आणि पहिलं वाक्य माझ्या तोंडून काय निघावं? 'दारू थंड पडली.'

हसू नकोस. आता माझी काडतुसं काय चीज आहेत ते ऐक. दुकानातली घेत नाही, घरी भरतो. फार्मसीत दिवसभर गोळ्या मोजायच्या आणि रात्री तळघरात गोळ्या भरायच्या, असा माझा संसार आहे. वापरलेली पितळी नळकांडी प्रेसमध्ये घालून पुन्हा मापात आणायची, बुडाला नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, बसवायचा (तात्यांच्या भाषेत केप), दारू तोलून घालायची, वर गोळी दाबून बसवायची. दारू ग्रेनमध्ये तोलतात. तू सोनार, तुला एका वाक्यात सांगतो: १८० ग्रेनचा एक तोळा. माझ्या .२२३ बंदुकीच्या एका काडतुसात दीड-पावणेदोन मासे दारू जाते, आणि तीही गुंजेच्या विसाव्या भागापर्यंत तोलून. तुझ्या दुकानात एवढं काटेकोर कुणी तोललं तर गिऱ्हाईक परत यायचं नाही म्हणा. (आईच्या पाटल्यांचं वजन मी अजून विसरलेलो नाही. असो.)

तर ही काडतुसं मी जुलैत जुळवलेली. ऊन ३५ अंश, अंगात बनियन. दारू होती गोल दाण्याची, खसखशीसारखी. मापातून अशी सरसर पडते की हात खूश होतो. वेग मोजायचं यंत्र पुढे ठेवून उडवली तेव्हा सेकंदाला सरासरी ३२४५ फूट. कागदावरची सगळी भोकं एका नाण्याखाली झाकतील अशी. मी वहीत तारीख घालून खाली दोन रेघा मारल्या, जसं काही दहावीचं गणित सुटलं. पण दारू गार झाली की सावकाश पेटते, दाब कमी भरतो आणि गोळी मंदावते. गोल दाण्याच्या दारूला हा गारठा जास्त बाधतो, तिला पेटवायलाही जास्त जोर लागतो. हे सगळं मला वाचून ठाऊक होतं. तरी जुलैची वही घेऊन जानेवारीत गेलो.

गुरुवारी सुट्टी काढली आणि तीच काडतुसं उणे २२ मध्ये उडवली. रात्रभर ओसरीवर ठेवून, म्हणजे आतपर्यंत गार. सरासरी ३१२०. सव्वाशे फूट गायब! तुला खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. गुन्हेगार सापडला ना.

मग दोन रात्री हाच विचार. कुठली भरायची? एक पर्याय व्हार्गेट. ही हॉजडन कंपनीची दारू, थंडी-उन्हाचा फरक कमी पडावा म्हणूनच केलेली. आणि बनते कुठे, तर ऑस्ट्रेलियात! मोंटानाच्या थंडीवर औषध उन्हाळ्याच्या देशातून. तिचे दाणे म्हणजे शेवयांचे बारके तुकडे. मापाच्या तोंडात अडकतात, कटकन तुटतात, दर वेळी एखादा दाणा कमी-जास्त. प्रत्येक काडतूस तराजूवर, शेवटचे दोन दाणे चिमट्याने. दुसरा पर्याय जुनीच दारू ठेवून मॅग्नम प्रायमर लावायचा, त्याची ठिणगी दणकट. पण प्रायमर बदलला की दाब बदलतो, म्हणजे दारू कमी करून सगळं पहिल्यापासून जुळवा. खोत म्हणतो, दारूचं सोड, ६९ ग्रेनची जड गोळी घाल, इथल्या वाऱ्यात तीच टिकेल. त्याचं खरं आहे, पण माझ्या जुन्या नळीत गोळीला फिरवणाऱ्या खाचांचा बारा इंचांत एकच आटा. एवढी लांब गोळी तिच्यात धड फिरत नाही, आणि गार हवा दाट असल्याने तिथे आणखीच डगमगते. एकदा हट्टाने उडवून बघितली, तर कागदाला भोक पडण्याऐवजी आडवी चीर पडली. कुलपाच्या भोकासारखी. म्हणजे गोळी ५५ ग्रेनचीच, लाल प्लास्टिकच्या टोकाची व्ही-मॅक्स. कातडं थोडं फाटेल, पण कातड्याला पूर्वीसारखा भाव कुठे राहिलाय?

हे सगळं तुला का सांगतोय म्हणशील. थांब. तू नेहमी मधेच तोडतोस. एसटीत वैभववाडीपासून कुडाळपर्यंत माझी एक गोष्ट पुरी होऊ दिली नव्हतीस, आठवतं? वर खिडकीही तुझीच.

शुक्रवारी रात्री मी गणित घालायला बसलो. बंदुकीचा नेम २०० यार्डांवर बसवलेला. सव्वाशे फूट वेग कमी, शिवाय जुलैपेक्षा हवा जवळजवळ पाव हिश्शाने दाट, तीही गोळीला धरून ठेवणार. दोन्ही धरून २२० यार्डांवर गोळी आणखी किती खाली जावी? सव्वा इंच. फार तर दीड. पुन्हा केलं, तेवढंच. खोताला विचारलं, तो म्हणाला छातीच्या मधोमध धरलेली गोळी पायाला लागली म्हणजे पाच-सहा इंच तरी खाली गेली.

उरलेले चार इंच कुणाचे?

खोताने बंदुकीचा बोल्ट (मागची खीळ) उघडून आत बोट फिरवलं. शिकारीआधी मी हौसेने घातलेलं तेल आत डिंकासारखं झालेलं. चाप सुटल्यावर आतली सुई संथपणे जात असणार, आणि तेवढ्या वेळात माझा हात हलला असणार. थंडीत तेल पार पुसून काढायचं असतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. दुसरं म्हणजे जाड हातमोजा. चाप बोटाला लागलाच नाही, मी नुसता दाबत गेलो. आणि तिसरं... तिसरं मी खोताला सांगितलं नाही.

मी डोळे मिटले होते, बाबल्या. चाप दाबायच्या आधी.

१९९१ चा श्रावण. व्हाळाच्या कडेचं तुमचं सुरण, तात्यांची ठासणीची बंदूक, आणि आपण दोघं मचाणावर, तात्या खाली विडी ओढायला गेलेले. डुक्कर आलं. बंदूक माझ्या हातात, दारू तू शिंगातून काढून ठासलेली. केप वाजली, बार झाला, डुक्कर पाय ओढत व्हाळात उतरलं ते तिसऱ्या दिवशी वासावरून सापडलं. मी तात्यांना सांगितलं, 'बार भिजलो होतो, बाबल्यान शिंग उघडा ठेवलेला.' तात्यांनी तुला शिमटीने फोडला. आपण पोरंटोरं, बंदुकीला हात लावायलाच नको होता, कायद्याने तर डुकराकडे बघायलाही नको होतं. पण मार एकट्या तुला पडला. तू गणपतीपर्यंत माझ्याशी बोलला नाहीस, आणि नंतर बोललास ते जणू काही झालंच नाही असं. मला वाटायचं तू विसरलास. आता वाटतं, तुला तेव्हाच माहीत होतं. ओली दारू फुसफुसते, उशिरा सुटते. तो बार कसा खणखणीत झाला होता! आख्ख्या वाडीने ऐकला होता.

शिंग बंद होतं. दारू कोरडी होती. मी डोळे मिटले होते.

तात्या असते तर त्यांनाही लिहिलं असतं. त्यांच्या तेराव्याला फोन केला तेव्हा हे सांगायचं मनात होतं, पण मागे भटजींचा आवाज, तू घाईत, आणि मी 'काळजी घे' म्हणून ठेवून दिला.

तुझी हकिकत विचारायची राहिली. सोन्याचा भाव रोज बघतो आणि तुझी आठवण येते. गिऱ्हाईक येतं की नुसतं भाव विचारून जातं? मनूची बारावी यंदाच ना? तिला सांग, काकाने रसायनशास्त्राच्या जिवावर पोट भरलंय, घाबरू नकोस. काजूला मोहोर कसा आहे? आत्याचं मोतीबिंदूचं झालं का? आणि तुझा गुडघा, तो डॉक्टरला दाखव, वैदूला नको.

काल व्हार्गेटची वीस काडतुसं भरली. चिमट्याने, एकेक दाणा. बोल्ट रॉकेलने धुऊन कोरडा केला. बंदूक आता घरात आणत नाही. आत आणली की तिला घाम फुटतो आणि बाहेर नेली की त्याचा बर्फ होतो. पडवीतल्या थंड कपाटातच असते, कुलपात. आज सकाळी दहा उडवून पाहिली, जुलैच्या सरासरीपेक्षा जेमतेम पस्तीस फूट कमी. बोटाच्या टोकाला भोक पाडलेला पातळ मोजा घातला होता. पहिल्या चार वेळा पापणी मिटली. पाचव्याला मिटली नाही. नंतर पुन्हा दोनदा मिटली. उरलेली दहा शनिवारसाठी ठेवलीत, पण खोताला अजून 'येतो' म्हणालेलो नाही.

तात्यांच्या बंदुकीचं काय केलंस? परवाना तुझ्या नावावर करून घेतलास की ठाण्यात जमा केलीस? जमा केली असलीस तरी हरकत नाही. पण दारूचं ते शिंग घरात असेल तर टाकू नकोस. मे महिन्यात येतोय.

वहिनींना नमस्कार, मनूला आशीर्वाद. आत्याच्या पाया पडतो म्हणून सांग.

तुझाच,
शिरग्या

ता. क. हे पत्र वहिनींना वाचून दाखवलंस तरी चालेल. पाटल्यांची ओळ तेवढी गाळ.