परराष्ट्र मंत्र्यांना खुले पत्र : दाद मागायची कुठे?

मा. परराष्ट्र मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या मंगळवारी पहाटे साडेपाचला, भर पावसात, आमचं घर पाडलं. पर्यायी जागेची चावी दिल्याशिवाय भिंतीला हात लावणार नाही, असा शब्द अधिकाऱ्यांनी चारचौघांत दिला होता. चावी आलीच नाही, बुलडोझर आला. पंचनाम्यात आमच्या संसाराची नोंद आहे ‘किरकोळ घरगुती सामान’. त्या किरकोळ सामानात आईचं नेब्युलायझर होतं. ढिगाऱ्यातून काढून पुसलं, तर चालू आहे. पण लावायचं कुठे? सध्याच्या शेडमध्ये वीज नाही. रात्री दम लागला की आईला धरून रस्ता ओलांडतो आणि ओळखीच्यांचं दार वाजवतो. परवा ती म्हणाली, “आज नको, झोपली असतील माणसं.” आणि रात्रभर बसून राहिली.

हे गाऱ्हाणं आमच्या खात्याचं नाही, असं तुमचे सचिव सांगतील. ते तुमच्याच खात्याचं आहे. आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १६ डिसेंबर १९६६ रोजी मंजूर केला, १९७६ पासून तो लागू आहे आणि आपला देश त्याने बांधलेला आहे. कलम ११ मध्ये घर आहे, कलम १२ मध्ये आरोग्य. या करारावर देखरेख करणाऱ्या १८ तज्ज्ञांच्या समितीने सक्तीने घरं रिकामी करण्याबद्दल १९९७ साली लिहून ठेवलंय : आधी लोकांशी खरी चर्चा करा, पुरेशी नोटीस द्या, रात्री किंवा खराब हवामानात कारवाई करू नका, कुणाला बेघर करू नका. मोबाइलवर हे वाचताना माझे हात थरथरत होते. यातली एक तरी गोष्ट आमच्या बाबतीत पाळली का?

मग तक्रार कुठे करायची ते शोधलं. त्यासाठी २००८ चा वेगळा वैकल्पिक प्रोटोकॉल, म्हणजे देशांनी हवं तर स्वीकारायचा जोड-करार आहे, तो २०१३ पासून लागू झाला आणि त्यात आपण नाही! जे देश त्यात आहेत, तिथल्या माणसाला देशातले सगळे मार्ग संपल्यावर या समितीकडे जाता येतं. स्पेनमध्ये दोन लहान मुलांसह भाड्याच्या खोलीतून बाहेर काढलेलं कुटुंब तसं गेलं आणि स्पेनने त्यांचा घराचा हक्क मोडला, असं समितीने २०१७ मध्ये सांगितलं. आम्ही काय घोडं मारलं होतं?

राग एकट्या तुमच्यावर नाही. नागरी आणि राजकीय हक्कांसाठी तक्रारीची सोय १९६६ सालीच, कराराच्याच दिवशी मंजूर झाली. आमच्या छपरासाठी आणि औषधासाठी ४२ वर्षं लागली. त्याच १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये, परदेशी गुंतवणूकदारांना सरकारांविरुद्ध लवादात जाता यावं म्हणून वॉशिंग्टनमध्ये केंद्र उभं करणारा करार लागूसुद्धा झाला. कंपनीच्या पैशाला जगाने इतकी घाई केली आणि माणसाला अर्धं शतक ताटकळत ठेवलं. आमच्या हक्कांच्या करारात हे हक्क ‘टप्प्याटप्प्याने’ द्यायचे, असा शब्द आहे, तो पुढे करून सरकारं हात वर करतात. त्याच वाक्यात ‘उपलब्ध साधनसामग्री कमाल वापरून’ असंही आहे, ते कुणी वाचत नाही. आणि करार कितपत पाळला, याचा दर पाच वर्षांचा अहवाल? तो सरकारच लिहितं. आमचा पंचनामा पाडणाऱ्यांनीच लिहिला, तसाच.

मागणी एकच आहे. प्रोटोकॉलवर सही करा, तो मंजूर करून घ्या आणि त्याची तारीख जाहीर करा. तो लागू होण्याआधी घडून गेलेल्या गोष्टींवर तक्रार करता येत नाही, म्हणजे आमच्या घराला त्याचा उपयोग नाही, हे मी वाचलंय. पण तक्रार चालू असताना भरून न येणारं नुकसान टाळण्यासाठी कारवाई थांबवा, असं समिती सरकारला सांगू शकते. आमच्या मागच्या गल्लीतल्या घरांवर काल लाल रंगाने आकडे टाकले आहेत.

आपला,
एक नागरिक