वाचून दाखवलं नाहीत, म्हणून आभार

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र नुसतं तुमच्या हातात दिलं असतं तर "बरं बरं" म्हणत तुम्ही ते ड्रॉवरमध्ये टाकलं असतं आणि विषय बदलला असता. म्हणून चारचौघांत लिहितेय. शिवाय थोडा स्वार्थही आहे. तुम्ही नेमकं काय केलंत, ते इतर महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत बसणाऱ्यांनाही कळायला हवं.

मला डोळ्यांनी वाचता येत नाही, पण वाचून दाखवणाऱ्यांची कधीच वानवा नव्हती. मैत्रिणी होत्या, घरचे होते, कुणीही आनंदानं बसायचं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना "तो परिच्छेद परत एकदा" असं किती वेळा म्हणणार? समोरच्याचा आवाज दमला की आपणच म्हणतो, "झालं, कळलं," आणि कळलेलं नसतं. मधलं प्रकरण सोडून पुढे जायचं, चार पानं मागे यायचं, एका वाक्यापाशी रेंगाळायचं, वैतागून पुस्तक मिटायचं, हे सगळं दुसऱ्याच्या सवडीनं होत नाही. ग्रंथालयात तुमच्याकडे आले तेव्हाही वाचायला कुणीतरी गाठून द्याल, एवढीच अपेक्षा होती. तुम्ही उलट विचारलंत, "पण ही नोट्सची फाइल तुझ्या कॉम्प्युटरवर बोलत का नाही?" तोवर हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता.

खरं तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, माझ्याकडे होता. त्यातला एनव्हीडीए मोफत मिळतो. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या स्वतः अंध असलेल्या प्रोग्रामरनं तो लिहायला घेतला. घोडं अडलं होतं ते फाइलींपाशी. निम्म्या नोट्स म्हणजे स्कॅन केलेली पानं, म्हणजे नुसते फोटो. त्यांत स्क्रीन रीडरला बोलायला अक्षरच नसतं. उरलेल्या नोट्स जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक संकेतांक देणारी सर्वमान्य पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये. हा प्रकार जास्त छळणारा. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात, आणि कानांवर पडतं ते डॉलर, कंस, बॅकस्लॅश. "अगं, सगळं तर नीट दिसतंय!" असं मला किती जणांनी सांगितलं असेल, देव जाणे.

तुम्ही ते सगळं युनिकोडमध्ये आणलंत. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर असतं, बटण दाबलं की काम फत्ते, असं लोकांना वाटतं. पण त्यात रफार जागचा हलतो आणि 'अर्थशास्त्र'चं 'अथर्शास्त्र' होतं, तेही पुस्तकभर. स्कॅनमधून अक्षरं ओळखून घेताना 'ध'चा 'घ' होतो. आमच्या सांख्यिकीत 'धन सहसंबंध' (एक वाढलं की दुसरंही वाढतं तो) हा 'घन सहसंबंध' झाला होता. डोळ्यांनी वाचणारा हसून पुढे जाईल. मी मात्र ही कसली नवी संकल्पना म्हणून अडले असते. तक्त्यांत १ आणि ९ यांची अदलाबदल व्हायची, ती तर संदर्भावरूनही कळत नाही. म्हणून आकडे तेवढे तुम्ही मूळ पुस्तकाशी एकेक करून ताडून पाहायच्या.

शीर्षकांबद्दल एक सांगायला हवं, कारण ते काम कुणाच्या नजरेत भरत नाही. अक्षर मोठं आणि ठळक केलं की डोळ्यांसाठी ते शीर्षक होतं. स्क्रीन रीडरसाठी तो आणखी एक परिच्छेदच. तुम्ही प्रत्येक शीर्षकाला शीर्षकाची शैली (वर्डमधलं 'हेडिंग') दिलीत, त्यामुळे एच हे एक अक्षर दाबून मी मुद्द्यावरून मुद्द्यावर जाऊ लागले. तक्त्यांच्या वरच्या ओळीला शीर्ष-ओळ म्हणून खूण केलीत, म्हणून 'बेचाळीस' ऐकताना ते बेचाळीस कशाचे हेही ऐकू आलं. आणि छापील पुस्तकातले पानांचे आकडे फाइलीत जागच्या जागी ठेवलेत. प्रबंधात संदर्भ देताना बाकीच्या मुली "पान अमुक" लिहायच्या आणि माझ्याकडे पानच नसायचं. ही अडचण मी तुम्हाला सांगितलीसुद्धा नव्हती.

समीकरणं चित्रं म्हणून चिकटवलेली होती, ती तुम्ही गणिताच्या प्राध्यापकांना गाठून समीकरणांच्या साधनात नव्यानं टाइप करून घेतलीत. नुसतं 'अ अधिक ब भागिले क' ऐकून भागाकार दोघांचा आहे की एकट्या 'ब'चा, ते सांगून दाखवावं कुणीतरी!

पण तुमची खरी मेहनत आलेखांवर झाली. वर्णनाच्या रकान्यात 'आलेख' एवढं लिहिलं तरी वर्डची तपासणी हिरवा कंदील दाखवते. वर्णन आहे ना, मग झालं. (असल्या हिरव्या कंदिलावर माझा आजही विश्वास नाही.) मागणी-पुरवठ्याच्या आलेखासाठी तुमचं पहिलं वर्णन चांगलं लांबलचक होतं. त्यात रेषांचे रंगही होते. मग तुम्ही अर्थशास्त्राच्या सरांना जाऊन विचारलंत, "हा आलेख तुम्ही का काढता?" त्यातून दुसरं वर्णन आलं, ते मला अजून पाठ आहे: "आडव्या अक्षावर प्रमाण, उभ्यावर किंमत. मागणी वक्र डावीकडून उजवीकडे उतरतो, पुरवठा वक्र चढतो. मागणी वक्र उजवीकडे सरकला आहे. नवा छेदबिंदू जुन्यापेक्षा वर आणि उजवीकडे आहे." यात फापटपसारा नाही. किंमत आणि प्रमाण दोन्ही वाढलं, हा निष्कर्ष तुम्ही मुद्दाम माझ्यावर सोडलात. वक्राचा बाक शब्दांत पकडता येईना, तेव्हा पुठ्ठ्यावर दोरा चिकटवून दिलात. परीक्षेच्या वेळी याच वर्णनांवरून वाद झाला. काहींना वाटलं, वर्णन दिलं म्हणजे उत्तर फुटलं. जे डोळ्यांना दिसतं तेवढंच वर्णनात, त्यावरून जे ओळखायचं ते विद्यार्थ्याकडे, ही रेघ तुम्ही ओढून दिलीत. त्याहून चांगला नियम मला अजून कुठे भेटलेला नाही.

कॉपीराइटचा बागुलबुवाही कुणीतरी उभा केलाच. तुम्ही माराकेश कराराची प्रत काढून समोर ठेवलीत. हा करार २७ जून २०१३ ला संमत झाला आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून लागू झाला. ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही त्यांच्यासाठी हक्कदाराच्या परवानगीवाचून सुगम प्रती करता याव्यात, अशी तरतूद तो मान्य करणाऱ्या देशांनी आपापल्या कायद्यात करायची असते. त्यात फक्त अंध येत नाहीत, हे मलाही तेव्हाच कळलं. वाचनअक्षमता असलेले येतात, हातात पुस्तक धरता न येणारेही येतात. माझ्या वर्गातला एक मुलगा तुमच्या फाइली घेऊन ओळींमधलं अंतर वाढवून वाचायचा, सोबत आवाजही लावायचा. आधी तो आळशी समजला जायचा. कर्णबधिर मैत्रिणीसाठी तुम्ही व्याख्यानांच्या व्हिडिओंना मथळे (कॅप्शन्स, म्हणजे बोललेलं पडद्यावर लिहून दाखवणाऱ्या ओळी) जोडलेत, त्याची हकिगत तिनंच लिहावी. आपोआप उमटलेल्या मथळ्यांतले विनोद तिच्याकडे भरपूर आहेत.

एका गोष्टीचा राग मात्र अजून आहे, आणि तो तुमच्यावर नाही. हे सगळं तुम्ही तुमचं नेहमीचं काम सांभाळून केलंत. ज्यांनी नोट्स तयार केल्या त्यांनी पहिल्यांदाच शैली लावून, युनिकोडमध्ये टाइप केलं असतं, तर तुमचं निम्म्याहून जास्त काम उरलंच नसतं. तुमचे आभार मानताना लोक "केवढी सेवा!" म्हणतात, तेव्हा मला जरा संकोच वाटतो. सेवा कसली, हे अभ्यासाचं साहित्य आहे आणि फी आम्हीही भरतो. तुमच्या नेमणुकीच्या कागदात हे काम लिहिलेलं असावं आणि त्यासाठी वेळ दिलेला असावा, असं मी प्राचार्यांना वेगळं कळवलं आहे. तुम्हाला न विचारता कळवलं, रागावू नका.

आता कामाचं. सांख्यिकीच्या फाइलीत सहसंबंधाच्या तक्त्यात दोन रकाने अजून एकत्र जोडलेले होते, त्यामुळे स्तंभांची नावं चुकीची वाचली जायची. मी ते सुटे केलेत. नवी फाइल मेलवर आहे. फोल्डरमधली जुनी काढून ही ठेवा, म्हणजे यंदाच्या मुलांना अडायला नको.

तुमची,
अर्थशास्त्राची एक माजी विद्यार्थिनी