जप्त केलेल्या घोड्याला पहिल्या दिवशी चंदी देऊ नका : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री यांस,
सादर नमस्कार.

विषय : उपासमार झालेल्या घोड्यांची तपासणी आणि सुटकेनंतरचे पहिले दहा दिवस.

हाडे वर आलेला घोडा पथकाने जप्त केला, फोटो निघाले, घोडा निवारा केंद्रात पोचला, की दप्तरी 'सुटका' अशी नोंद होते आणि फाइल बंद होते. खरा धोका त्यानंतर सुरू होतो. महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेला घोडा सुटकेनंतर तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान दगावू शकतो, आणि तोही भरल्या पोटी.

याचे कारण रक्तात आहे. उपाशी शरीर आधी चरबी आणि मग स्वतःचे स्नायू जाळून तग धरते. अशा जनावरापुढे कोणी दयेपोटी चंदीची, म्हणजे दाण्याची, पाटी ठेवली, की पिष्टापासून झालेली साखर रक्तात उसळते आणि मागोमाग इन्सुलिन वाढते. इन्सुलिन साखरेबरोबर फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही पेशींत ओढून नेते. शरीरातला साठा आधीच रिकामा असल्यामुळे रक्तातले हे क्षार धाडकन खाली येतात. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात, घोडा बसतो तो उठत नाही. घोडे पेंड खाते ते इथेच, आणि या वेळी शब्दशः.

उपाय महाग नाही, फक्त चिकाटीचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी घालून दिलेली पद्धत आज अनेक ठिकाणी वापरली जाते. मोठ्या घोड्याला पहिले तीन दिवस चांगल्या प्रतीचा वाळलेला लसूणघास (ल्यूसर्न हा चारा) द्यायचा : साधारण अर्धा किलो, दर चार तासांनी, दिवसातून सहा वेळा. तट्टू असेल तर वजनाच्या प्रमाणात कमी. लसूणघासच का, तर त्यात पिष्ट कमी असते आणि मॅग्नेशियम व फॉस्फरस बऱ्यापैकी मिळतात. चौथ्या दिवसापासून एका वेळचा घास हळूहळू वाढवायचा आणि वेळा कमी करायच्या. सहाव्या दिवसापर्यंत दर आठ तासांनी सुमारे दोन किलोवर यायचे. दहा दिवसांनंतर तो दोन वेळांत खाईल तितकी वैरण. चंदी मात्र अंगावर बऱ्यापैकी मांस धरेपर्यंत नाही. घोडा अधाशासारखा मागेल आणि बघणाऱ्याला हे प्रमाण क्रूर वाटेल. वाटू द्यावे. स्वच्छ पाणी सतत समोर हवे. पूर्ववत वजन भरायला सहा ते दहा महिने लागतात, हे निधी मंजूर करतानाच धरायला हवे.

आता तपासणीबद्दल. पथके घोडा कुंपणाबाहेरून बघतात आणि पोटावरून मत बनवतात. जंत झालेल्या किंवा निकृष्ट, चोथट गवतावर ठेवलेल्या घोड्याचे पोट सुटलेले असते. वर दाट, लांब केस असले की बरगड्या झाकल्या जातात. म्हणून हात लावूनच तपासले पाहिजे. अमेरिकी संशोधक डॉन हेनेकी यांनी १९८३ मध्ये मांडलेली १ ते ९ गुणांची पट्टी त्यासाठीच आहे. मान, खांद्यावरचा उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचे मूळ, अशा सहा ठिकाणी बोटांनी चरबी चाचपायची. ५ म्हणजे मध्यम. बरगड्या दिसत नाहीत, पण हाताला सहज लागतात. १ म्हणजे कण्याची, बरगड्यांची, शेपटीच्या मुळाची आणि पुठ्ठ्याची हाडे ठळक वर आलेली, हाताला चरबी कुठेच नाही.

वजनकाटा नसला तरी मोजपट्टी पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्यावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८० केले की अंदाजे किलो मिळतात. घेर १५० आणि लांबी १४० असेल तर सुमारे २६५ किलो. आकडा थोडा चुकेल, पण त्याच माणसाने त्याच पट्टीने दर आठवड्याला मोजले तर वजन वाढते आहे की नाही ते नक्की कळते.

सगळ्यांत जास्त बोलतात ते खूर, आणि नेमके तेच फोटोत गवताआड राहतात. खूर महिन्याला साधारण आठ मिलिमीटर वाढतो, त्यामुळे त्याची भिंत म्हणजे गेल्या वर्षाची रोजनिशीच. केसांच्या रेषेपासून चार सेंटिमीटर खाली खोल आडवे वळ दिसले, तर सुमारे पाच महिन्यांपूर्वी काहीतरी मोठे बिघडले होते असे समजावे. वळ टाचेकडे फाकत गेले असतील तर जुन्या खूरदाहाचा (खुराच्या आतल्या थराला येणाऱ्या सुजेचा) संशय घ्यावा. हा रोग लठ्ठ घोड्यांनाही होतो, म्हणजे गुबगुबीत घोडा सुखी असे धरून चालू नये. पाय उचलून तळवा पाहावा. मधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचेतून काळा, सडक्या वासाचा चिकट स्राव येत असेल तर घोडा लीद-मुतात उभा आहे. नालबंदाचा हात सहा ते आठ आठवड्यांनी फिरायला हवा. तो वर्षभर फिरला नसेल तर टोक चपलेसारखे वर वळते. असे खूर एका बैठकीत कापून सरळ करू नयेत, सांधे आणि शिरा वाकड्या चालीला जुळलेल्या असतात. दोन-तीन टप्प्यांत कापावेत.

लहान वाटणाऱ्या खुणाही नोंदवाव्यात. गव्हाणीखाली अर्धवट चावलेल्या गवताचे ओले गोळे पडले असतील तर दाढांना धार आली आहे. कुरतडलेले खांब आणि एकमेकांची चघळलेली शेपटी म्हणजे वैरण अपुरी. म्होरकी वाढत्या शिंगराच्या नाकाडात रुतलेली असेल तर ती कित्येक महिन्यांत कोणी उतरवलेली नाही. तंगाच्या (खोगिराच्या पोटपट्ट्याच्या) खालच्या जखमा आणि जुन्या व्रणांवर उगवलेले पांढरे केसही टिपून घ्यावेत.

पण प्रत्येक हडकुळा घोडा म्हणजे गुन्हा नव्हे. म्हातारपण, झिजलेले दात, जुना आजार यांनीही घोडा सुकतो. पागेत एकच घोडा वाळलेला असेल तर आधी आजार शोधावा. सगळेच वाळलेले असतील तर वैरणीचा हिशेब मागावा. मालकाने पशुवैद्यकाला शेवटचे कधी बोलावले होते, हेही विचारावे.

पुराव्यात नेहमी एक गोष्ट सुटते. दोन्ही बाजू, समोरून, मागून आणि चारही खूर असे फोटो जप्तीच्या दिवशी काढतात, पुढे कोणी काढत नाही. तेच फोटो त्याच कोनातून दर पंधरा दिवसांनी काढा. निव्वळ वैरण-पाण्यावर घोडा भरत गेला, तर 'तो आजारीच होता' हा बचाव फारसा उरत नाही.

नवा घोडा किमान तीन आठवडे इतरांपासून वेगळा ठेवावा, बादली आणि खराऱ्याचा ब्रशही वेगळा, आणि ताप दिवसातून दोनदा घ्यावा. ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला की पशुवैद्यकाला बोलवावे. स्ट्रँगल्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगात ताप आधी येतो, जबड्याखालच्या गाठी मागून. ग्लँडर्स हा घोड्यांचा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो, म्हणून रक्ततपासणी चुकवू नये. धनुर्वाताचे संरक्षण पहिल्याच दिवशी. जंताचे औषध मात्र घाईने नको. आधी लीद तपासावी. जंत खूप असतील आणि एकदम मेले, तर अशक्त घोड्याला पोटशूळ उठू शकतो.

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक पथकाकडे मोजपट्टी आणि सहा जागांचे गुण भरायचा एक पानी तक्ता द्या. नालबंदाचे मानधन मंजूर खर्चात धरा. जप्तीच्या आदेशालाच दहा दिवसांचे वैरणीचे वेळापत्रक जोडा, आणि त्यात रात्री दोनच्या घासाला कोण उठणार त्याचे नाव लिहा.

आपले,
घोड्यांवर उपचार आणि त्यांची देखभाल करणारे पशुवैद्यक, नालबंद व मोतद्दार